तहानंतर वयात आलेली मुले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात युद्धोत्तर पुनर्बांधणीविषयी लिहिताना मी पूल, चलन, निवडणुका आणि कर्जे यांवर पाने खर्च केली आणि त्या काळात वयात येणाऱ्या मुलामुलींचा विषय एका परिच्छेदात उरकला. ही उणीव अनेक वाचकांनी पत्रे लिहून दाखवून दिली, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : युद्ध थांबले की शाळा उघडतात, बाजार भरतात, पळून गेलेले लोक परततात. मग तेथील मुलांचे आयुष्य पूर्ववत व्हायला एवढी वर्षे का लागतात? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : आपल्या प्रश्नातील 'पूर्ववत' या शब्दापाशीच आधी थांबावे लागेल. मोठ्या माणसाला युद्धापूर्वीचे घर, युद्धापूर्वीचा धंदा आणि युद्धापूर्वीचे शेजारी आठवत असतात, आणि तह झाल्यावर तो त्या आठवणीकडे परतू पाहतो. सिएरा लिओनमधील यादवी 1991 मध्ये सुरू झाली आणि 2002 मध्ये संपली. ती संपली तेव्हा जी मुलगी बारा वर्षांची होती, तिला परतण्यासारखे 'पूर्वी' असे काही नव्हतेच. तिच्या आईला युद्ध हा आयुष्यात पडलेला खंड वाटत होता. तिला मात्र शांतता हाच खंड वाटला असेल, कारण आजवर शिकलेले सगळे, म्हणजे कोणत्या आवाजाला पळायचे, कोणासमोर गप्प राहायचे आणि अन्न कुठे लपवायचे, हे एका दिवसात निरुपयोगी ठरले.

त्यातून पहिला पेच उभा राहतो तो वयाचा. सोळा वर्षांच्या मुलाला धड वाचता येत नसते आणि शाळा त्याला सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर बसवू पाहते. आठवडाभर तो बसतो, मग लाजेने येईनासा होतो. सिएरा लिओनमध्ये हे ओळखून सहा वर्षांचे प्राथमिक शिक्षण तीन वर्षांत पुरे करणारे वेगळे वर्ग काढण्यात आले. कल्पना साधी होती, पण तिच्यामागे एक महत्त्वाची कबुली होती : या मुलांचे हुकले ते केवळ शिक्षण नव्हे, त्या शिक्षणाचे वयही हुकले.

दुसरा पेच घरातला आहे आणि त्याविषयी अहवालांत फारसे वाचायला मिळत नाही. वडील आघाडीवर, बंदिवासात किंवा बेपत्ता असताना ज्या मुलीने चार वर्षे घर चालवले, धाकट्यांना जगवले, सैनिकांशी आणि दलालांशी घासाघीस केली, तिला वडील परतल्यावर पुन्हा बाहेर जाण्याची परवानगी मागावी लागते. वडीलही बदललेले असतात. ते रागीट तरी झालेले असतात किंवा मुके तरी. अशा घरात कोण मोठे आणि कोण लहान हे नव्याने ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची रीत कोणालाच ठाऊक नसते.

शिवाय युद्ध कागदावर संपते त्या दिवशी जमिनीत संपत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1964 ते 1973 दरम्यान, अमेरिकेने शेजारच्या लाओसवर 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील क्लस्टर बॉम्बमधून सुमारे 27 कोटी छोटे बॉम्बगोळे विखुरले आणि त्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. हे गोळे चेंडूएवढे असतात, आणि चेंडू दिसला की मूल काय करते हे सांगायला नको. त्या युद्धानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली मुले त्यात हात, डोळे आणि प्राण गमावत आली आहेत. त्यांच्यासाठी 'युद्धोत्तर' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. ज्या वर्गात मारणाऱ्याचे मूल आणि मारल्या गेलेल्याचे मूल शेजारी बसते, तेथे शिक्षकाने अलीकडचा इतिहास शिकवावा, की जखमा भरून येईपर्यंत थांबावे? (एक शिक्षिका)

उत्तर : बाई, आपला प्रश्न या सर्व पत्रांत मला सर्वांत अवघड वाटला, म्हणून त्याला सर्वांत अधिक जागा देतो.

जपानने 15 ऑगस्ट 1945 रोजी शरणागती जाहीर केली. नवी पाठ्यपुस्तके छापायला कागद नव्हता आणि वेळही नव्हता. त्यामुळे सप्टेंबरमध्ये शिक्षण मंत्रालयाने असा आदेश काढला की, जुन्या पुस्तकांतील लष्करी वृत्तीचा गौरव करणारे उतारे काढून टाकावेत. प्रत्यक्षात घडले ते असे : शिक्षक वर्गात पान आणि ओळ सांगत आणि मुले स्वतःच्या हाताने, ब्रशने, त्या ओळींवर काळी शाई फासत. काही पानांवर शाईखेरीज फारसे काही उरले नाही. पुढे वर्षअखेर, 31 डिसेंबर रोजी, दोस्त राष्ट्रांच्या मुख्यालयाने नीतिशिक्षण, जपानचा इतिहास आणि भूगोल हे विषयच स्थगित केले; भूगोल 1946 च्या जूनमध्ये आणि इतिहास त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाला.

तो मजकूर पुसला जायला हवा होता, याविषयी दुमत नसावे. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बाजूने तो प्रसंग पाहावा. ज्या गुरुजींनी वसंत ऋतूत तोच उतारा ताठ उभे राहून वाचायला लावला होता, तेच गुरुजी शरदात त्यावर शाई फासायला सांगत होते, आणि मधल्या काळात काय झाले याविषयी बहुतेक ठिकाणी एक शब्दही बोलला गेला नाही. त्या पिढीतील अनेकांनी पुढे लिहिले की, त्या दिवसापासून छापील शब्दावरचा आणि मोठ्यांवरचा आपला विश्वास उडाला. यातील अर्धा भाग मला लाभाचा वाटतो, कारण छापील शब्दावर संशय घेणारे नागरिक लोकशाहीला हवेच असतात. उरलेला अर्धा भाग मात्र नुकसानीचा आहे, आणि ते नुकसान शाईने केले नाही, स्पष्टीकरण न देणाऱ्या गुरुजींनी केले.

काही देशांनी पुसण्याऐवजी थांबणे पत्करले. रवांडामध्ये 1994 च्या वंशसंहारानंतर देशाच्या इतिहासाचे अध्यापन शाळांतून थांबवण्यात आले, कारण जुन्या अध्यापनाने त्याच द्वेषाला खतपाणी घातले होते आणि नवे काय सांगावे यावर एकमत नव्हते. थोड्या काळासाठी हे समजण्यासारखे आहे. लेबननची गोष्ट वेगळी. तेथे 1975 ते 1990 असे पंधरा वर्षे यादवी युद्ध चालले. ते मिटवण्यासाठी झालेल्या 1989 च्या ताइफ करारात इतिहासाचे एकच सामाईक पाठ्यपुस्तक तयार करण्याचे ठरले होते, परंतु ते आजवर झालेले नाही. शाळेतला इतिहास 1943 च्या स्वातंत्र्याच्या आसपास येऊन थबकतो. म्हणजे आजच्या लेबनीज विद्यार्थ्याला दूरच्या राज्यक्रांत्यांविषयी परीक्षेत लिहिता येते, पण आपल्या गल्लीतील भिंतीवर गोळ्यांची छिद्रे कोणी पाडली हे शाळा त्याला सांगत नाही. ते त्याला घरी सांगितले जाते. ते सांगणारा आपल्या बाजूचाच असतो, आणि पलीकडच्या मोहल्ल्यातील मुलालाही त्याच्या घरी असेच कोणीतरी सांगत असते.

आपल्या शाळांत 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही शिस्तीची आज्ञा आहे. युद्धानंतरच्या अनेक देशांत ती इतिहासाची अध्यापनपद्धतीच झालेली दिसते.

तिसरी रीत बोस्नियाची. तेथील युद्ध संपवणाऱ्या डिसेंबर 1995 मधील डेटन करारानंतर तेथील काही भागांत 'एका छताखाली दोन शाळा' अशी व्यवस्था आली. निर्वासित कुटुंबांनी परतावे म्हणून केलेली ती तात्पुरती तडजोड होती. एकाच इमारतीत क्रोएट मुले एका अभ्यासक्रमाने आणि बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) मुले दुसऱ्या अभ्यासक्रमाने शिकत. काही ठिकाणी दारे वेगळी, काही ठिकाणी वेळा वेगळ्या. तात्पुरत्या तडजोडींना आयुष्य फार मोठे असते, आणि ही तडजोड युद्धाचा एकही दिवस न पाहिलेल्या पिढीच्या वाट्याला आली. याइत्से या गावातील माध्यमिक शाळांत मात्र मुले एकत्र शिकत होती. तेथेही बोस्नियाक विद्यार्थ्यांसाठी वेगळी शाळा काढण्याचा घाट 2016 मध्ये घातला गेला, तेव्हा विद्यार्थीच रस्त्यावर आले. दोन्हींकडच्या मुलांनी मिळून निदर्शने केली आणि 2017 मध्ये प्रशासनाला तो बेत सोडावा लागला. पुढच्या वर्षी युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचा माक्स व्हान डर स्टूल पुरस्कार या विद्यार्थ्यांना मिळाला. ज्यांना सांभाळायचे म्हणून भिंत बांधली जात होती, त्यांनीच ती नको म्हणून सांगितले, हे मला फार बोलके वाटते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, थांबू नये. मात्र 'दोष कोणाचा' या प्रश्नापासून सुरुवातही करू नये. आरंभ करावा तो पडताळता येईल अशा गोष्टींपासून : अमुक पूल कोणत्या दिवशी पडला, अमुक शाळेत त्या वर्षी किती मुलांची नावे पटावर होती आणि पुढच्या वर्षी किती उरली. हजेरीपट हा उत्तम ऐतिहासिक दस्तऐवज आहे आणि तो कोणत्याही बाजूचा नसतो. सिएरा लिओनच्या सत्यशोधन व समेट आयोगाने 2004 मध्ये आपल्या अहवालाची मुलांसाठी, मुलांच्या सहभागाने तयार केलेली स्वतंत्र आवृत्ती काढली. कोणत्याही सत्यशोधन आयोगाने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्यांनी युद्ध सोसले त्यांना त्याविषयी वाचायला देऊ नये, हा विचार मुळातच थोडा विचित्र आहे, नाही का?

प्रश्न : युद्ध पाहिलेल्या प्रत्येक मुलाच्या मनावर कायमचा आघात होतो, असे सर्रास लिहिले जाते. हे खरे आहे का? (एक समुपदेशक)

उत्तर : आघात होतो, तो प्रत्येकाच्या बाबतीत कायमचाच असतो, असे मात्र उपलब्ध अभ्यासांवरून दिसत नाही. आपल्या क्षेत्रातील दोन उदाहरणे आपणांस ठाऊक असतीलच, तरी इतर वाचकांसाठी ती सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धग्रस्त मुलांसाठी संगोपनगृहे चालवली. शहरावर बॉम्ब पडत होते. त्यांचे निरीक्षण असे होते की, आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसलेल्या लहान मुलांपेक्षा सुरक्षिततेसाठी आईपासून दूर पाठवलेली मुले अनेकदा अधिक खचली. धोक्याचे मोजमाप मूल बॉम्बच्या आवाजावरून करत नाही. जवळचे मोठे माणूस घाबरले आहे की नाही, आणि मुळात जवळ आहे की नाही, यावरून करते.

दुसरे उदाहरण पुन्हा सिएरा लिओनचे. तेथील माजी बालसैनिक आणि इतर युद्धग्रस्त मुले, अशा सुमारे पाचशे जणांचा अमेरिकन संशोधक थेरेसा बेटनकोर्ट आणि त्यांचे सहकारी 2002 पासून मागोवा घेत आले आहेत. ज्यांना हत्या करायला भाग पाडले गेले किंवा ज्यांच्यावर बलात्कार झाले, त्यांच्या वाट्याला अधिक त्रास आला, हे अपेक्षितच होते. परंतु पुढील आयुष्य कसे गेले, यावर घरी परतल्यानंतर जे घडले त्याचाही मोठा प्रभाव दिसला : कुटुंबाने घरात घेतले का, गावाने नावे ठेवली का, शाळेत टिकता आले का. युद्धात काय घडले ते आता कोणालाच बदलता येणार नाही. परतल्यानंतर काय घडते ते मात्र शेजारी, शिक्षक आणि नातलग यांच्या हाती असते. म्हणूनच 'ही पिढी वाया गेली' असे उसासे टाकणाऱ्या मोठ्यांकडे मी थोड्या संशयाने पाहतो. त्या उद्गारात सहानुभूती असते, पण हात झटकण्याची सोयही असते.

याची उलट बाजूही सांगायला हवी. 'मुले काय, लवचीक असतात, विसरून जातात' हे वाक्यही तितकेच सोयीचे आहे. मुले विसरत नाहीत. घरात आधीच पुष्कळ दुःख आहे हे पाहून ती आपले दुखणे अंगावर काढतात, आणि ते विसरण्यासारखे दिसते.

प्रश्न : बालपणी पळवून नेऊन ज्याच्या हाती बंदूक दिली, त्याने पुढे केलेल्या गुन्ह्यांसाठी त्याला दोषी धरावे का? कायदा काय म्हणतो? (एक वकील)

उत्तर : कायद्याचे उत्तर तुलनेने स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीनुसार 15 वर्षांखालील मुलांची सैन्यात भरती करणे हा युद्धगुन्हा आहे, आणि काँगोमधील टोळीप्रमुख थॉमस लुबांगा याला याच गुन्ह्यासाठी 2012 मध्ये दोषी ठरवून 14 वर्षांची शिक्षा देण्यात आली. बालहक्क संहितेचा सशस्त्र संघर्षाविषयीचा ऐच्छिक पूरक करार 2002 पासून अमलात आहे आणि त्याने सक्तीच्या भरतीची मर्यादा 18 वर्षांवर नेली. मूल हे या गुन्ह्यात बळी मानले जाते. 18 वर्षांखालील व्यक्तीवर हे न्यायालय खटला चालवीत नाही.

अडचण आहे ती वाढदिवसाची. डॉमिनिक ओंग्वेन याला युगांडातील लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर सेनेने 1980 च्या दशकात शाळेच्या वाटेवरून पळवून नेले, तेव्हा तो सुमारे नऊ वर्षांचा होता. त्याच सेनेत तो वाढला आणि सेनाधिकारी झाला, आणि पुढे त्याने इतर मुलांना तसेच पळवून आणले. न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये त्याला 61 आरोपांवर दोषी ठरवले आणि मे महिन्यात 25 वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या बालपणी जे घडले त्यामुळे न्यायाधीशांनी शिक्षा सौम्य केली, परंतु त्यातून दोषमुक्ती मिळते असे मानले नाही. मला स्वतःला हा निकाल योग्य वाटतो. तो वाचून समाधान वाटत नाही, हेही तितकेच खरे.

आपण वकील आहात, म्हणून कायद्याच्या नजरेतून निसटलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सिएरा लिओनमध्ये शस्त्रत्यागाच्या कार्यक्रमात सुमारे 6,800 मुलांची नोंद झाली, आणि त्यांत मुलींचे प्रमाण 10 टक्क्यांहूनही कमी होते. टोळ्यांमध्ये मुली कमी होत्या म्हणून असे झाले नाही. शस्त्र आणून दिल्याशिवाय लाभ नाही, अशी समजूत सर्वत्र पसरली होती, आणि ज्यांना स्वयंपाक, ओझी वाहणे आणि सेनाधिकाऱ्याची 'बायको' होणे यासाठी पळवले होते, त्यांच्यापैकी अनेकींकडे दाखवायला बंदूक नव्हती. शिवाय नाव नोंदवणे म्हणजे काय काय घडले हे गावासमोर कबूल करणे. पुष्कळ मुली कडेवर मूल घेऊन गुपचूप परतल्या आणि कोणत्याच यादीत आल्या नाहीत. मुलगे 'माजी सैनिक' तरी झाले. मुलींना तेही नाव मिळाले नाही.

प्रश्न : युद्धात वाढलेली तरुण पिढी पुन्हा हिंसेकडेच वळते, म्हणून अशा देशांत तरुणांची मोठी संख्या हा धोका मानला जातो. हे बरोबर आहे का? (एक निवृत्त अधिकारी)

उत्तर : नाही. असे वळणारे असतात, परंतु बहुसंख्य तरुण हिंसेत सामील होत नाहीत, आणि जे होतात त्यांतील अनेकांना काम, जमीन किंवा संरक्षण यांचे आमिष किंवा सक्ती असते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 9 डिसेंबर 2015 रोजी संमत केलेल्या ठराव क्रमांक 2250 मध्ये 18 ते 29 या वयोगटातील तरुणांना शांतताप्रक्रियेत भागीदार करून घेण्याचे आवाहन केले, ते याच समजुतीला छेद देण्यासाठी. ठरावांनी जग बदलत नाही, हे मीही जाणतो. तरी तह करायला बसलेल्यांचे छायाचित्र कधीही पाहावे : टेबलाभोवती पन्नाशी-साठीचे पुरुष असतात, आणि त्या तहाखाली आयुष्य काढायचे असते विशीतल्यांना.

प्रश्न : युद्ध लढलेले आईबाप बोलत नाहीत आणि नातवंडे मात्र खोदखोदून विचारतात, असे का होते? आमच्या वाचकमंडळात यावर मोठा वाद झाला. (एक वाचक)

उत्तर : वाद होणे स्वाभाविक आहे, कारण गप्प राहण्याची कारणे निरनिराळी असतात. ज्याने भोगले तो मुलांना झळ लागू नये म्हणून बोलत नाही. ज्याने केले तो सापडू नये म्हणून बोलत नाही. आणि ज्याने फक्त पाहिले तो आपण काहीच केले नाही या जाणिवेने बोलत नाही. बाहेरून तिन्ही मौने सारखीच दिसतात. घरातल्या मुलाला आपले वडील या तिघांपैकी कोण, हे कळत नाही, आणि विचारायचे धाडस होत नाही, कारण उत्तर कोणते मिळेल याची भीती असते.

पश्चिम जर्मनीत ही कोंडी फुटायला जवळजवळ वीस वर्षे लागली. न्यूरेंबर्गचा मुख्य खटला 1946 मध्येच संपला होता, परंतु तेथे पिंजऱ्यात होते ते राष्ट्राचे बडे नेते. फ्रँकफुर्टमध्ये डिसेंबर 1963 ते ऑगस्ट 1965 या काळात आउश्वित्सच्या छळछावणीतील कर्मचाऱ्यांवर खटला चालला. हेसे राज्याचे महाअधिवक्ता फ्रिट्झ बाउअर यांनी तो चिकाटीने उभा केला होता. त्यात आरोपी म्हणून औषधविक्रेता होता, दंतवैद्य होते. युद्धानंतर नोकरी-व्यवसाय करून संसार थाटलेली ती माणसे होती. ती शेजारी वाटत, वडिलांच्या वयाची वाटत. त्या वेळी विद्यापीठात असलेली मुले युद्धाच्या काळात किंवा लगेच नंतर जन्मलेली होती. 'बाबा, तुम्ही तेव्हा कुठे होता?' हा प्रश्न पुढील काही वर्षांत जर्मन घरांतून जितक्या तिखटपणे विचारला गेला, तितका तो त्याआधी विचारला गेला नव्हता.

स्पेनमध्ये तर मुलांची पिढीही गप्प राहिली. यादवी युद्ध 1939 मध्ये संपले, पण जिंकलेला हुकूमशहा फ्रँको 1975 पर्यंत सत्तेवर होता, तेव्हा हरलेल्यांच्या मुलांनी तोंड उघडणे शक्यच नव्हते. लोकशाही आल्यावर 1977 च्या सर्वक्षमा कायद्याने जुनी प्रकरणे मिटवली गेली. लोकशाही टिकावी म्हणून केलेला तो व्यवहार होता, आणि त्या वेळी त्याला मोठा पाठिंबाही होता. मग 2000 साली प्रियारान्सा देल बिएर्सो या गावाजवळ एका नातवाने रस्त्याकडेचा खड्डा खणवून घेतला. युद्धाच्या आरंभी गोळ्या घालून पुरलेल्या तेरा जणांचे अवशेष तेथे सापडले, आणि त्यांत त्याचे आजोबा होते. त्यानंतर देशभर असे खड्डे उघडले जाऊ लागले, आणि 2007 मध्ये ऐतिहासिक स्मृतीविषयीचा कायदा झाला.

नातवंडेच का विचारतात, याचे माझे उत्तर फारसे गूढ नाही. मुलगा बापाला विचारतो तेव्हा त्याला त्याच घरात, त्याच ताटावर उद्या पुन्हा बसायचे असते. नातवाचे तसे नसते. आणि आजी-आजोबांनाही मुलांशी जे बोलता आले नाही ते नातवाशी बोलता येते. आपल्या मंडळातील वादात एक बाजू 'जुने उकरून काय मिळते' असे म्हणत असेल, तर स्पेनमधील त्या कुटुंबांना नेमके काय मिळाले ते सांगावे : हाडे मिळाली, नाव लावता आले, आणि कुटुंबाच्या थडग्यात ती ठेवता आली.

प्रश्न : युद्धात ज्यांचे घरदारच संपले, ती मुले मोठेपण कोणाकडून शिकतात? (एक वाचक)

उत्तर : राज्यसंस्था काही प्रमाणात ही जागा घेते. पहिल्या महायुद्धात सुमारे 14 लाख सैनिक गमावलेल्या फ्रान्सने जुलै 1917 मध्ये कायदा करून युद्धात पोरक्या झालेल्या मुलांना 'राष्ट्राची पाल्ये' असा दर्जा दिला आणि त्यांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा भार उचलला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये 1948 साली झालेल्या पाहणीत 1,23,511 अनाथ मुले मोजली गेली. तेथे इतकी उदार व्यवस्था नव्हती. तोक्योच्या उएनो स्थानकाच्या भुयारी वाटांमध्ये झोपणारी, बूट पुसणारी आणि उचलेगिरी करणारी मुले हा त्या काळातील नित्याचा देखावा होता, आणि लोक त्यांच्याकडे दयेपेक्षा किळसेने अधिक पाहत, असे त्यांच्यापैकी अनेकांनी म्हातारपणी सांगितले.

परंतु आपण विचारता ते पोटाविषयी नव्हे, मोठेपणाविषयी, आणि त्या बाबतीत मला रवांडातील विद्यार्थी आठवतात. वंशसंहारानंतर हजारो घरांचा कारभार मुलेच पाहत होती. वंशसंहारातून वाचलेल्या बुतारे येथील राष्ट्रीय विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये एक संघटना स्थापन केली आणि तिच्यात 'कुटुंबे' तयार केली. कुटुंबातील विद्यार्थी आपल्यातूनच एकाला बाप आणि एकीला आई म्हणून निवडत. बाप, आई आणि मुले जवळजवळ एकाच वयाची, सगळी विशीच्या आसपासची. कोणी आजारी पडले तर आईने पाहावे, कोणी अभ्यासात मागे पडले तर बापाने कान उपटावेत, सुट्टीत जायला घर नसेल तर एकत्र राहावे, असा त्यांचा व्यवहार होता. शिक्षण संपल्यावरही ही नाती तुटू नयेत म्हणून 2003 मध्ये पदवीधरांची वेगळी संघटना झाली.

मोठेपण त्यांना शिकवायला कोणी उरले नव्हते, म्हणून त्यांनी ते आठवणीतून जुळवले : आपले वडील रागावत ते कसे, आई उशीरा येणाऱ्यासाठी जेवण झाकून ठेवी ते कसे. यांतील पुष्कळांची लग्ने झाली, तेव्हा घरचे वडीलधारे म्हणून उभे राहिले ते विद्यापीठातले हेच बाप आणि हीच आई.